पाटी कुणाची लावायची?

प्रश्न : मी ३६ वर्षांचा प्रोस्थेटिस्ट आहे, म्हणजे कृत्रिम हात-पाय बसवणारा. बीपीओची (प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्सची) पदवी घेतल्यावर मुंबईत सहा वर्षं नोकरी केली आणि तीन वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या गावी स्वतःचं सेंटर टाकलं. महिन्याला आठ-दहा पाय बसवतो, बहुतेक गुडघ्याखालचे. डोक्यावर कर्ज आहे. आता एका परदेशी कंपनीचा डीलर भागीदारीचा प्रस्ताव घेऊन आलाय. सेंटरचं रंगकाम, कंपनीच्या नावाची मोठी पाटी आणि चालण्याच्या सरावाचे पॅरलल बार ते करून देणार. वर्षाला तीस कार्बन फूट (कार्बन फायबरची पावलं) उचलले तर वर्षअखेरीस रोख सूट. शिवाय जर्मनीतल्या प्रदर्शनाला मी आणि पत्नी, दोघांचं तिकीट. बदल्यात फूट आणि नी (गुडघ्याचे सांधे) शक्यतो त्यांचेच वापरायचे आणि पेशंटच्या चालण्याचे महिन्याला दोन रील द्यायचे. गावातल्या एका माजी कबड्डीपटूचा पाय मांडीतून गेलाय. त्याला मायक्रोप्रोसेसर नी, म्हणजे चिपवर चालणारा गुडघा, मोफत देतील, पण वर्षभर त्याचे फोटो वापरतील. माल खरोखर चांगला आहे. रेफर करणाऱ्या डॉक्टरांना द्यावं लागतं ते वेगळंच, मग मी एकट्यानेच सोवळं का पाळायचं? पत्नी म्हणते, आपण नाही म्हटलं तर ते शेजारच्या तालुक्यातल्याला देतील.

उत्तर :

माल चांगला आहे हे तुम्ही मूळ पत्रात तीनदा लिहिलं होतं, जागेअभावी दोनदा काढलं. मला त्याबद्दल शंका नाही. वाईट माल घेऊन आलेल्या डीलरला तुम्ही चहाही न पाजता परत पाठवलं असतं, त्यासाठी मला पत्र लिहिलं नसतं.

आधी हिशेब करू. महिन्याला आठ-दहा म्हणजे वर्षाला शंभरेक पाय. त्यांतले तीस कार्बन फूट. गेल्या वर्षीची वही काढा आणि बघा, कुठल्याही प्रस्तावाशिवाय तुम्ही आपणहून किती जणांना कार्बन फूट सुचवला होता. शुगरमुळे पाय गेलेले, घरातून ओट्यापर्यंत आणि ओट्यावरून देवळापर्यंत चालणारे आजोबा त्यात नसणार. समजा अठरा निघाले. मग उरलेले बारा कुठून येणार? फेब्रुवारी-मार्चमध्ये आकडा सव्वीसवर अडकला की त्या आठवड्यात जो समोर बसेल त्याच्यातून येणार. तुम्ही हे ठरवून करणार नाही, तेवढे वाईट तुम्ही नाही आहात. फक्त त्या माणसाची के-लेव्हल तुम्हाला दोनऐवजी तीन दिसायला लागेल. माणूस किती आणि कसा चालेल याचा शून्य ते चार असा तो अंदाज. पट्टी मुळात अमेरिकेतल्या मेडिकेअरची, आपण उसनी घेतली. दोन आणि तीनच्या मधली रेघ इतकी पुसट आहे की ती सरकवायला कुणालाच जोर लावावा लागत नाही.

मीही प्रोस्थेटिस्टच, माझ्या हातून सरकली होती. पंचवीसेक वर्षं झाली. एका वितरकाने मला असंच ‘वर्षाला इतके’ सांगितलं होतं आणि माझे दोन कमी पडत होते. द्राक्षबागेत काम करणाऱ्या एक बाई आल्या. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता, आधीचा जयपूर फूट झिजला होता. सोबत नुकताच नोकरीला लागलेला मुलगा. तो म्हणाला, आईला चांगल्यातला चांगला बसवा. मी त्याचं ऐकलं, असं पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत राहिले. कार्बन फायबरचा परदेशी फूट लावला. त्याच्या टाचेची उंची बुटासाठी धरलेली होती आणि बाई तर अनवाणी, फार तर सपाट चपलेत वावरणाऱ्या. बूट नसला की असा पाय मागे कलतो, गुडघा मागे रेटला जातो आणि सपाट जमिनीवरही माणसाला सतत चढ चढल्यासारखं वाटतं. बागेत पाणी सोडलं की फूट शेलमध्ये, म्हणजे पावलाच्या रबरी खोळीत, चिखल जायचा, आतल्या पात्यावर वाळू घासून करकर वाजायची. उकिडवं बसणं तर विसराच.

पाच महिन्यांनी त्या आल्या तेव्हा पायात जुनाच जयपूर फूट होता, सायकलच्या ट्यूबने आवळलेला. नवा पाय पिशवीत. म्हणाल्या, “ताई, हा तुमच्याकडंच ठिवा. एखाद्या हापिसातल्या मान्साला हुईल.” रागावल्या नव्हत्या. मला वाटतं, चूक आपलीच झाली, आपल्यालाच हा भारी पाय वापरता आला नाही, असंच त्यांनी धरलं होतं. १९६८ साली जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठींनी जो रबरी पाय घडवला, तो नेमका या बाईंसारख्यांसाठी होता. अनवाणी चालणारे, मांडी घालणारे, शेतात उतरणारे लोक डोळ्यांपुढे ठेवून केलेला. हे मला शिकवलेलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळाले होते.

मी तो पाय परत घेतला, त्यांना नवा जयपूर फूट बसवून दिला आणि मुलाचे पैसे हप्त्याहप्त्याने फेडले. वितरकाला फोन करून माझा आकडा काढायला सांगितलं. तो हसला. तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, त्याच्या जागी तो बरोबरच होता. त्याचं काम विकण्याचं होतं, माझं काम नाही म्हणण्याचं होतं, आणि ते मी केलं नव्हतं.

हा पेच आपल्या धंद्यात मुळात नव्हता. पूर्वी पाय घडवणारा आणि बसवणारा एकच असे. १८६१ मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात जेम्स हँगरचा पाय गेला, त्याने स्वतःसाठी पाय केला, मग इतरांसाठी करू लागला. लाकूड त्याचं, हात त्याचा, आणि जखम झाली तर शिव्याही त्यालाच. पहिल्या महायुद्धानंतर अपंग सैनिक इतके झाले की एकेक पाय कोरणं पुरं पडेना. १९१९ मध्ये ओटो बॉकने बर्लिनमध्ये भाग ठोकाने बनवून ते कारागिरांना पुरवायला सुरुवात केली. तिथून बनवणारा वेगळा आणि बसवणारा वेगळा झाला. पुढे १९६९ मध्ये त्याच कंपनीच्या पिरॅमिड अडॅप्टरचं, म्हणजे पायाचे भाग जोडणाऱ्या सांध्याचं, पेटंट झालं आणि तो साऱ्या जगाने उचलला. तुम्ही रोज त्याचे चार स्क्रू पिळता, म्हणून कदाचित त्यांच्याकडे नीट बघितलं नसेल. उरलेला पाय ज्यात बसतो ते वरचं सॉकेट तसंच ठेवून खाली एका कंपनीचा फूट काढायचा आणि दुसऱ्या कंपनीचा लावायचा, ही सोय त्या चार स्क्रूंनी केली. तुमचा ‘शक्यतो त्यांचेच’ हा करार ती सोय पुन्हा काढून घेतो, तीही रंगाच्या चार डब्यांच्या बदल्यात.

दोन कॅटलॉग टेबलावर असण्याला काय किंमत असते याचं एक मोठं उदाहरण आहे. २०१७ मध्ये ओटोबॉकने फ्रीडम इनोव्हेशन्स ही अमेरिकी कंपनी विकत घेतली. मायक्रोप्रोसेसर नी दोघींचे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने हरकत घेतली. या दोघी एकमेकींशी स्पर्धा करतात म्हणून क्लिनिकांना दर उतरवून मिळतात, एकत्र झाल्या तर ते थांबेल, असं त्यांचं म्हणणं. २०१९ मध्ये तो व्यवहार मोडायचा आदेश निघाला. तिथे सरकारला मध्ये पडावं लागलं. तुमच्याकडे ती ताकद आपोआप आहे आणि तुम्ही ती सहीनिशी देऊन टाकायला निघालात.

आता खऱ्या दुखण्याकडे येते. तुमचं कुठलंही एक बिल काढा. मी पैजेवर सांगते, त्यावर ‘बीके (गुडघ्याखालचा) प्रोस्थेसिस, नग १’ असं लिहिलंय आणि समोर एकच आकडा. तुम्ही घेतलेलं कास्ट (पायाचा साचा), प्लॅस्टरच्या मॉडेलवर चालवलेली कानस, चाचणीचं चेक सॉकेट, दोन ट्रायल, अलाइनमेंट (पायाचे कोन जुळवणं), आणि नंतर ‘इथं टोचतंय’ म्हणत वर्षभर मारलेले फेरे, यातलं काहीही त्या कागदावर नाही. तुमची सगळी मजुरी फूट आणि लायनरच्या (सॉकेटच्या आतल्या मऊ अस्तराच्या) मार्जिनमध्ये दडलेली आहे. म्हणजे विद्या फुकट वाटली आणि पोट कंपनीचा माल विकून भरलं. असं असताना डीलर ‘मार्जिन वाढवतो’ म्हणाला की तुम्हाला पगारवाढ झाल्यासारखं वाटणारच. तुमच्या मालकाच्या खुर्चीत तो बसलाय, आणि ती खुर्ची तुमच्याच बिलाने त्याला दिली.

पेशंट दुखतंय म्हणून परत येतो तेव्हा दोष बहुतेक वेळा सॉकेटमध्ये असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. पहिल्या वर्षात स्टंप, म्हणजे उरलेला पाय, आकसतो, मोज्यांवर मोजे चढतात, हाडाच्या टोकाला घासायला लागतं. त्या दुखण्यावर जगातला कुठलाच महाग फूट उपाय नाही. म्हणजे ज्या कामावर पेशंटचं चालणं अवलंबून आहे त्याचा दर शून्य, आणि जे खोक्यातून येतं त्याच्यावर सगळी कमाई.

म्हणून बिल फोडा. पार्टची खरेदी किंमत आणि त्यावर तुमचा ठरलेला, उघड सांगितलेला आकार. सॉकेट आणि फिटिंगची फी वेगळी, फूट साधा असो की कार्बन, ती तीच. वर्षभराच्या तपासण्यांची फी वेगळी. पहिले सहा महिने लोक कुरकुरतील. ‘पायाचे पैसे दिले, आता हाताचे कशाला?’ असं मला एकाने विचारलं होतं. चांगला प्रश्न होता, उत्तर द्यायला अर्धा तास लागला, पण तो पेशंट आजही येतो. असं बिल झालं की साधा सॅक फूट बसवताना तुमचं नुकसान होत नाही, आणि मग के-लेव्हलची रेघ सरकवायचं काही कारणच उरत नाही.

आता प्रस्तावातल्या एकेका गोष्टीबद्दल.

वर्षअखेरीची रोख सूट नाकारा. जूनमध्ये पैसे भरून गेलेल्या पेशंटपर्यंत ती कधीच पोचत नाही. डीलरला सांगा, द्यायची तर प्रत्येक नगाच्या बिलावर द्या, संख्येची अट न घालता. तो लगेच म्हणेल की कंपनीच्या नियमात बसत नाही. मग ती सूट कुणासाठी होती ते तुम्हाला कळेल.

पॅरलल बार गावातल्या फॅब्रिकेटरकडून जीआय पाइपचे करून घ्या. माझे तसलेच आहेत, अजून हलले नाहीत. पाटी स्वतःच्या नावाची लावा. कंपनीच्या पाटीखालून आत येणारा माणूस निवड करायला येत नाही, ती झालीच आहे असं समजून येतो.

प्रशिक्षण मात्र जरूर घ्या, कंपनीकडूनच घ्या. मायक्रोप्रोसेसर नीचं सॉफ्टवेअर कंपनीने शिकवल्याशिवाय लावता येत नाही. तिथे सोवळं पाळलं तर पेशंट पडेल. नवीन फूट ट्रायलला ठेवा, पेशंटला आठवडाभर वापरू द्या, काय बिघडलं ते कंपनीला कळवा. उत्पादक आणि आपण यांच्यात असं नातं हवंच, आपल्या तक्रारींशिवाय त्यांचा माल सुधारणार कसा? लाइपझिगचं प्रदर्शन दर दोन वर्षांनी भरतं आणि बघण्यासारखं असतं. मी एकदा पदरचे पैसे घालून, दोघींत एक खोली करून जाऊन आले. तुमच्या पत्नीचं तिकीट मात्र कंपनी कशासाठी काढतेय ते कळलं नाही. त्या अलाइनमेंट करणार आहेत का?

कायद्याचंही थोडं बघून ठेवा. केंद्राच्या औषधनिर्माण विभागाने सप्टेंबर २०२४ मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या विपणनासाठी आचारसंहिता काढली. आरोग्य व्यावसायिकांना वैयक्तिक फायद्याच्या भेटी आणि कुटुंबीयांच्या सहली तिला मान्य नाहीत. अंमलबजावणी मुख्यतः उद्योगसंघटनांच्या समित्यांवर सोडलेली आहे, त्यामुळे फार धाक नाही हे खरं. पण आयकराचा धाक खरा आहे. जुलै २०२२ पासून धंद्यातून मिळालेला लाभ वर्षाला २० हजारांवर गेला की देणाऱ्याने त्यावर १० टक्के कर कापायचा असतो, लाभ वस्तूत असो की विमानाच्या तिकिटात. म्हणजे तुमची जर्मनी तुमच्या उत्पन्नात दिसणार. त्याच वर्षी फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने एका औषध कंपनीच्या खटल्यात सांगितलं की डॉक्टरांना वाटलेल्या भेटी धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येणार नाहीत. शिवाय तुमचं नाव भारतीय पुनर्वास परिषदेच्या रजिस्टरात आहे, व्यावसायिक गैरवर्तनावरून ते तिथून निघूही शकतं. पाटी रंगवणाऱ्या डीलरचं नाव अशा कुठल्या रजिस्टरात नाही.

कबड्डीपटूबद्दल मला जास्त काळजी वाटते. पहिल्यांदा पॅरलल बार सोडून माणूस चार पावलं टाकतो, तेव्हा तो रडतो, घरचे रडतात, आपलेही डोळे भरतात. त्या क्षणी समोर कागद धरला तर तो कशावरही सही करेल. म्हणून संमती त्या दिवशी घ्यायची नाही, पंधरा दिवसांनी घ्यायची, पाय घासायला लागल्यावर. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात म्हटलंय की संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. त्याने मागे घेतली तर नी परत मागणार का, हे डीलरकडून लिहून घ्या. दुसरं, नी मोफत, पण सॉकेट? वॉरंटी संपल्यावरची सर्व्हिस? चौथ्या वर्षी नी बंद पडला तर तो मुलगा कंपनीकडे जाणार नाही, तुमच्याकडे येणार, आणि तेव्हा त्याचे फोटो कुणाला नको असतील. सर्व्हिसचं लेखी देत असतील आणि त्या मुलाला सगळं समजावून सांगितल्यावरही हवं असेल, तर घेऊ दे. तो फायदा त्याचा आहे, आपण आडवं यायचं कारण नाही. पण तो करार त्याचा आणि कंपनीचा असू दे, तुमच्या तीस फुटांशी त्याची गाठ नको. महिन्याला दोन रीलचं तर सरळ नाही म्हणा. पेशंट म्हणजे कच्चा माल नाही.

राहिलं ते तुमचं घाईत लिहिलेलं वाक्य : ‘डॉक्टरांना द्यावं लागतं ते वेगळंच.’

ते वेगळं नाही. डीलर तुम्हाला जे देऊ करतोय तेच तुम्ही डॉक्टरांना देताय, आणि दोन्हीचे पैसे त्या एकाच आकड्यातून जातात, जो पेशंटने दागिना मोडून भरलेला असतो. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत रेफरलबद्दल कमिशन घेणं-देणं निषिद्धच आहे. २०१७ मध्ये आपल्या राज्यात कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही झाला होता, तो पुढे कायदा म्हणून आला नाही. वाट बघण्यात अर्थ नाही. बिल फोडलंत की तुमची अडचण आपोआप पुढे येईल : कटाची रक्कम कुठल्या ओळीत लिहाल? मी फोडलं तेव्हा मला ओळ सापडली नाही, म्हणून देणं थांबलं. माझ्यात त्याहून मोठा शूरपणा नव्हता. दोन सर्जननी पेशंट पाठवणं बंद केलं. एकाने दोन वर्षांनी पुन्हा सुरू केलं, कारण दुसरीकडचे सॉकेट त्याच्याकडे जखमा होऊन परत येत होते. दुसऱ्याने कधीच केलं नाही. ते नुकसान भरून निघालं असं मी म्हणणार नाही. तुमच्यावर कर्ज आहे, म्हणून तुम्ही हे एका महिन्यात करू नका. नवीन पेशंटपासून नवीन बिल सुरू करा, आणि बँकेच्या माणसाला आधी भेटून हप्ता लांबवता येतो का बघा.

एक छोटी गोष्ट राहतेय. ज्याला परवडत नाही त्याला केंद्राच्या एडिप योजनेबद्दल, अलिम्को या सरकारी कंपनीच्या शिबिरांबद्दल, मुंबईत हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेबद्दल तुम्ही सांगता का? पत्रात काही नव्हतं म्हणून विचारते. सांगत असाल तर हे वाक्य सोडून द्या.

आणि पत्नी म्हणतात ते खरं आहे. तुम्ही नाही म्हटलंत तर शेजारच्या तालुक्यातल्याला देतील, त्याची पाटी झगमगेल, वर्षभर तुम्हाला जाता-येता ती दिसेल. त्याच्याकडचे काही पेशंट दोन वर्षांनी सॉकेट ढिलं झालं म्हणून तुमच्याकडे येतील. खालचा फूट चांगला असेल, तुम्हीच तीनदा लिहिलंय. चार स्क्रू सैल करा, तोच फूट ठेवा, नवीन सॉकेट करा आणि फक्त सॉकेटचं बिल द्या.